दिव्याखाली अंधार

माझ्या गाडीत एकोणतीस दिवे आहेत. रस्ता दाखवणारे, मागच्याला थांब म्हणणारे आणि सीटखाली पडलेलं नाणं शोधायला लावायचे, ते या हिशेबात धरलेले नाहीत. हे एकोणतीस स्टेअरिंगच्या पलीकडे काचेच्या पेटीत राहतात आणि त्यांचं काम एकच, मालकाला घाबरवणं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजण्याची खोड असते, म्हणून मी ते एकदा मोजले. सकाळी किल्ली फिरवली की सगळे एकदम पेटतात, आमच्या कुरुळीच्या अंगणात दोन-तीन सेकंदांची दिवाळी होते, आणि मग एकेक जण शहाण्यासारखा विझतो. जो विझत नाही, त्याच्यापायी त्या महिन्याच्या पेन्शनला भोक पडतं.

या दिव्यांशी माझं भांडण आहे आणि ते मी आज चारचौघांत मांडणार आहे. घरात मांडून झालं. घरात माझ्याविरुद्ध दोन मतं पडली. एक सौभाग्यवतींचं, कारण त्या तत्त्वतःच विरुद्ध असतात. आणि दुसरं पुतण्याचं, कारण तो चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या तारांचं आणि त्या तारा जिथे जातात त्या काळ्या पेट्यांचंच काम करतो. कुरुळीत राहून मोटारींविरुद्ध बोलणं म्हणजे आळंदीत राहून टाळांच्या आवाजाची तक्रार करणं, हे मला कळतं. एकीकडे निघोजे, पुढे चाकण, मागे मोशी. कुठल्याही दिशेला दगड भिरकावा, तो मोटारीचा काहीतरी भाग बनवणाऱ्या शेडच्या पत्र्यावर जाऊन वाजेल. पण म्हणून गप्प बसायचं की काय?

आता गाडीविषयी. ती चारही चाकांनी ओढणारी, चिखलातून आणि डोंगरातून जाणारी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. उरलेलं आयुष्य मला डोंगरात घालवायचंय, कोर्टात नाही. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी मी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा घरात जो प्रश्न विचारला गेला तो असा : "अहो, पर्वती चढताना तुम्हाला दोनदा बसायला लागतं, तुम्ही कसला सह्याद्री बघणार?" मी म्हणालो, "म्हणूनच तर गाडी." बायकोला निरुत्तर केल्याचा तो माझ्या संसारातला पहिला प्रसंग. दुसरा अजून यायचाय.

गाडी घरी आल्यावर सौ.नीच प्रथम दाखवलं की त्या दिव्यांच्या काचेवर एका कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एवढासा तुकडा चिकटवलाय. "दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय वाटतं," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. आधीचा मालक घरंदाज दिसतोय, असंही वाटून गेलं. पुढच्या रविवारी पुतण्या आला, त्यानं नखानं तीट काढली, आणि खाली इंजिनाचा पिवळा दिवा सुखानं तेवत होता! वाचकहो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. किल्ली फिरवल्यावर जो दिवा पेटतच नाही, त्याची चौकशी पेटलेल्या दिव्याच्या आधी करा. सुरुवातीला सगळे पेटतात ते हजेरी देण्यासाठी. हजेरीला गैरहजर असलेला दिवा प्रकृती उत्तम असल्यामुळे गैरहजर नसतो.

इथं प्रामाणिकपणे कबूल करतो की एकदा दिवा खरं बोलत होता आणि गाढव मी होतो. पहिल्याच पावसात भामा-आसखेड धरणाच्या बाजूला चिखलात गेलो. चारही चाकं जोडण्याचा दांडा मोठ्या ऐटीत ओढला, आणि तो तसाच ठेवून डांबरी रस्त्यानं परत आलो. चाकणात वळायची वेळ आली तर स्टेअरिंग जड. गाडी आतून कुंथायला लागली, टायर कुरकुरायला लागले, आणि गाडीचं बहुधा सगळंच गेलं असं समजून मी घामाघूम. कारण अगदी साधं आहे. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलात फिरतात, मागची लहान. माझ्यासारख्या गाडीत दांडा ओढला की पुढचा नि मागचा आस एकमेकांना दावणीला बांधल्यासारखे होतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तंटा आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण अंगावर आणि स्टेअरिंगवर येतो. तेवढा वेळ समोर एक हिरवा दिवा 'चारही चाकं जोडली आहेत हो' म्हणून सांगत होता. पण हिरवा म्हणजे सगळं छान अशी माझी लहानपणापासूनची समजूत! तो दिवा माझ्या भांडणातून मी वगळला आहे.

पण पुढच्या वर्षीच्या आषाढातल्या प्रकरणात मी कोणालाही वगळणार नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं त्याच बाजूला गेलो होतो. चिखल भरपूर, भजी गरम, सौ. चक्क खूश. परतताना चाकणपाशी स्टेअरिंग थरथरायला लागलं. शिवाय ते मला सैल वाटलं, म्हणजे मी थोडं फिरवतोय आणि गाडी त्यावर थोडा विचार करून मग वळतेय. कुरुळी फाटा दिसायला लागला आणि टिंग! टिंग! टिंग! तीन पिवळे दिवे एकदम पेटले. एकात ब्रेकची इंग्रजी अक्षरं, दुसऱ्यात घसरणाऱ्या मोटारीचं चित्र (तिच्यामागे दोन वेलांट्या, दारू प्यायल्यासारख्या), तिसऱ्यात चार चाकांचा सांगाडा. मी नाशिक रस्त्यावर, भर संध्याकाळी, दोन कंटेनर आणि एक कंपनीची बस मागे असताना जागच्या जागी गाडी उभी केली. मागच्यांनी माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो इथं देता येत नाही. मी थरथरत पुतण्याला फोन लावला.

"काका, रंग कोणता?"

"अरे, रंग कसला विचारतोस? तीन पेटलेत!"

"काका, लाल असेल तर जागेवर थांबायचं. पिवळा असेल तर हळू चालवत घरी यायचं. तुम्ही रस्त्याच्या मधे उभे आहात का?"

मी होतो. मरण आलं असतं तर ते दिव्यांनी सांगितलेल्या दुखण्यानं आलं नसतं, दिव्यांना घाबरून मी जे केलं त्यानं आलं असतं. ही माझी पहिली फिर्याद. ज्या सूचनेचा अर्थ ऐन वेळी पुतण्याला विचारावा लागतो, ती सूचना कसली? गाडीबरोबर तीनशे पानांचं पुस्तक येतं. त्या रात्री मी ते भगवद्गीतेच्या श्रद्धेनं उघडलं. प्रत्येक दिव्याचं चित्र आहे, चित्राखाली नाव आहे, आणि नावाखाली एकच वाक्य : अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. डॉक्टरकडे जावं आणि त्यांनी 'तुम्हाला काहीतरी झालंय, डॉक्टरांना दाखवा' असं सांगावं, तसं हे.

तर अधिकृत ठिकाणी गेलो. तेही नाव सांगत नाही. तिथं थंडगार खोली, मऊ कोच, कॉफीचं यंत्र, आणि काचेच्या भिंतीपलीकडे आपली गाडी. आय.सी.यू.त नातेवाईक बसवतात तसं आपल्याला बसवतात. एका तरुणानं स्टेअरिंगखालच्या सोळा छिद्रांच्या सॉकेटमध्ये यंत्र खुपसलं, पडद्यावर बोट फिरवलं आणि निदान सांगितलं : पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेला. तीन दिवे पण रोग एकच, कारण ब्रेकवाला, घसरणवाला आणि चार-चाकवाला हे तिघंही चाकाच्या वेगाची बातमी त्या एकाच बातमीदाराकडून घेतात. तो मेला की तिघांचंही वर्तमानपत्र बंद. हे मला आवडलं. सेन्सर बदलला, दिवे विझले, बिल झालं सहा हजार आठशे चाळीस.

"आणि स्टेअरिंग?" मी विचारलं.

"स्क्रीनवर काही नाही, सर."

"पण हाताला सैल लागतंय."

"सर, स्टेअरिंगचा सेपरेट वॉर्निंग लाइट आहे. तो ऑफ आहे. गाडी एकदम फिट. आपल्याकडचे रोडच तसे आहेत."

आता रस्त्यांविषयी तो खोटं बोलला असं मी चाकण परिसरात राहून म्हणू शकत नाही. पण एवढ्या संभाषणात तो मुलगा एकदाही वाकला नाही. गाडीखाली पाहिलं नाही, चाकाला हात लावला नाही. त्याचा दोष नाही. दिवा विझवणं हेच काम त्याला दिलेलं होतं. आणि इथं माझं खरं भांडण सुरू होतं.

तो स्टेअरिंगचा खास दिवा, ज्यात स्टेअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह आहे, तो नेमकं काय पाहतो? तो विजेच्या मोटरकडे पाहतो. आपण चाक फिरवताना जोर कमी लागावा म्हणून आत एक मोटर मदत करते. ती बिघडली, तिची तार सुटली, किंवा बॅटरी मरगळली, की हा दिवा लागतो. थंडीत एका पहाटे बॅटरीपायी तो लागलाही होता. तेव्हा स्टेअरिंग नुसतं जड होतं. चाकांशी त्याचं लोखंडी नातं तुटलेलं नसतं, दंडाला जोर लावला की गाडी वळते. पण ते लोखंडी नातंच झिजलं तर? स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक गोळीचा सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. त्याला टायरॉड एंड म्हणतात. त्याच्यावर रबराची टोपी, आत ग्रीस. टोपी फाटली की चिखल-पाणी आत, ग्रीस बाहेर, आणि सांधा खायला लागतो. फार खाल्ला की एक दिवस सुटतो. सुटला की स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं आणि चाक आपल्या मनानं कुठंही वळतं. या सांध्याला माझ्या गाडीत एकही तार जात नाही. एकोणतीस दिव्यांपैकी एकालाही त्याची ओळख नाही. सीटबेल्ट लावला नाही तर बोंब मारणारा दिवा आहे, दार किलकिलं राहिलं तर सांगणारा आहे, काच पुसायचं पाणी संपलं तर कळवणारासुद्धा आहे. आणि ज्याच्यावर दोन म्हाताऱ्यांचे जीव लटकलेले, तो सांधा मुका!

पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही जुनं ते सोनं म्हणणारे." मुळीच नाही. १९८४ साली जुन्नर भागात आम्ही बँकेच्या जीपमधून कर्जवसुलीला जात असू. त्या जीपच्या स्टेअरिंगला चार बोटं प्ले होता. डावीकडे वळायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागे, मग मंजुरी येई. ब्रेक ही श्रद्धेची गोष्ट होती. आजचे ते ब्रेक, ज्यांचा दिवा माझ्या गाडीत पेटला, ते ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ देत नाहीत आणि त्यांनी माणसं वाचवली आहेत, हे मला मान्य आहे. मुद्दा वेगळाच आहे. त्या जीपचे ड्रायव्हरमामा निघण्यापूर्वी चारही चाकांना एकदा धरून हलवत. दिवा नव्हता, म्हणून हात होता. आता दिवा आला, आणि दिव्यानं हाताला पेन्शनीत काढलं. 'दिवा नाही म्हणजे दोष नाही' असा एक नवा संप्रदायच निघालाय आणि त्याचे मठ वातानुकूलित आहेत.

बरं, दिव्यानं मला सगळं खरं सांगावं, तर तेही नाही. त्याच्यामागचा आकडा असतो, तो यंत्रालाच कळतो. पुतण्यानं मला एक लहानसं यंत्र आणून दिलं, त्याच सोळा छिद्रांत बसणारं, मोबाइलवर वाचता येणारं. मी हरखलो. लावलं, तर ते फक्त इंजिनाचं आणि धुराचं बोलतं. ब्रेक आणि स्टेअरिंगचं नाव काढलं की गप्प. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला असं सॉकेट सक्तीचं झालं ते प्रदूषणाच्या कायद्यामुळे; आपल्याकडेही ते धुराच्या नियमांचं बोट धरूनच आलं. म्हणून धुराशी संबंधित आकडे सगळ्यांना वाचता येतील असे ठेवायला लागले. बाकीचे बहुतेक कंपनीच्या खाजगी भाषेत. म्हणजे माझ्या गाडीतून शेजाऱ्याच्या नाकात काय जातंय ते मी वाचू शकतो, पण माझं चाक वळेल का, हे गुपित. गाडी माझी, कर्ज मी फेडलं, विमा मी भरतो, आणि तिची कुंडली दुसऱ्याच्या कपाटात!

ही एकट्या म्हाताऱ्याची कुरकुर आहे असं समजू नका. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला होता. तक्रार हीच, की सुटे भाग आणि ही निदानाची यंत्रं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत. ती बाजारात मिळाली पाहिजेत असा आदेशही दिला. त्यावर अपिलं झाली, जसं आपल्याकडे होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी चक्क मतदान करून दुरुस्तीचा हक्क मागून घेतला. आपल्या केंद्र सरकारनंही २०२२ साली यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं; त्यात मोटारी आहेत. मी ते पाहिलं. कुरुळी फाट्यावरच्या मिस्त्रीनं ते पाहिलेलं नाही, कारण तो दिवसभर कोणाच्या तरी गाडीखाली असतो.

या मिस्त्रीकडे मी शेवटी गेलो. त्याच्याकडे थंड खोली नाही, एक बाकडं आहे आणि त्यावर कुत्रं झोपतं. मी सगळी कथा सांगायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, दिव्याचं र्‍हाऊ द्या. हाताला काय लागतंय ते सांगा."

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला प्रथमच कोणीतरी विचारला होता! मला भरून आलं. मी सांगितलं की साठाच्या पुढे थरथरतं, आणि सैल लागतं. "म्हंजे दोन दुखणी," तो म्हणाला. पहिलं त्यानं नुसतं चाकांत डोकावून ओळखलं. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचे वाळलेले पोपडे, एकेका चाकात मूठ-दोन मूठ. गोल फिरणाऱ्या गोष्टीला एका बाजूला वजन लागलं की ती थरथरणारच. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून पोरानं पाण्याचा फवारा मारला, खर्च शून्य.

मग त्यानं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, घोडी लावली, आणि चाक दोन्ही हातांनी धरलं. घड्याळात पावणेतीनला काटे असतात तसं. हलवलं. खटक. परत हलवलं. खटक. मग हात सहाच्या काट्यांसारखे वर-खाली धरून हलवलं, काही नाही. "आडवं हललं, की टायरॉड. उभं हललं असतं तर बेरिंग नायतर खालचा बॉल जॉइंट बघाया लागला असता," त्यानं मला समजावून सांगितलं. फुकट सांगितलं, कपाटात ठेवलं नाही. मग मला गाडीत बसवून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायला लावलं आणि स्वतः खाली झोपून सांध्यावर बोटं ठेवली. दोन मिनिटांनी बाहेर आला तेव्हा बोटांना तांबूस चिखल होता. टोपी फाटलेली. आत ग्रीसचा थेंब नाही.

"किती दिवस टिकलं असतं?" मी विचारलं.

"त्ये कसं सांगावं?" त्यानं हात पुसले. "आन् साहेब, ह्या अवस्थेत तुमी वैनींना घिऊन खेडचा घाट उतरला असता..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. आम्ही येत्या रविवारी तोच घाट चढून-उतरून भीमाशंकरला जाणार होतो. पाकीट काढताना माझे हात त्या स्टेअरिंगपेक्षा जास्त थरथरत होते.

नवीन सांधा बसला. त्याच्या मजुरीसकट झालेलं बिल अधिकृत बिलाच्या चौथ्या हिश्शाचंही नव्हतं. वर त्यानं बजावलं की आता मोशीला जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूनं खाईल, "आन् त्यांला सांगा, स्टेरिंगचा सेन्सर पन शून्यावर घ्या, नायतर परत दिवा लागंल." म्हणजे दिव्यांचंही त्याला कळत होतं. फक्त ते वाचायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. ते असलेल्याकडे हात नव्हते. दोन्ही एका बाकड्यावर बसवायला कोणाची काय हरकत आहे, एवढंच मला त्या चौदा जणांना आणि बाकीच्यांना विचारायचंय. एवढं विचारलं तरी पुतण्या मला 'इमोशनल' म्हणतो.

जुना सांधा मी मिस्त्रीकडून मागून आणला. घासून, पुसून टेबलावर ठेवलाय. सौ.ना तो आवडत नाही, पण त्याखाली विजेची बिलं ठेवतात. परवा पुतण्या आला, त्यानं तो हातात घेतला, गोळी हलवून पाहिली. खटक, खटक. बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं पोराला. वाद जिंकल्याच्या आनंदात मी आतमध्ये चहा सांगितला.

"काका," तो सांधा डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "इथं एक सेन्सर बसवता येईल."